एकपदरी साक्ष

“खोटं बोलायचं असलं की मी इंग्रजीत बोलते,” असं टिबी फेअरवेदर एकदा पाद्रीसाहेबांच्या बायकोला म्हणाली होती.

त्यात टोमणा नव्हता. बाईंनी विचारलं होतं, “टिबी, तू सगळ्यांशी इतकी मोकळी बोलतेस, मग माझ्याशीच अशी जपून का?” आणि टिबीने जे होतं ते सांगून टाकलं. स्कॉटलंडातल्या त्या स्ट्रॅथमोरच्या खोऱ्यात सगळ्यांचंच तसं होतं. घरात, गोठ्यात, शेतात स्कॉट्स, म्हणजे तिकडची घरची बोली. आणि शाळा, चर्च, डॉक्टर, कोर्ट यांच्यापुरती इंग्रजी. लहानपणी घरचा शब्द वर्गात तोंडून निसटला की हातावर चामडी पट्टा बसायचा, आणि तो वळ माणूस म्हातारा झाला तरी जिभेवरून जात नसे. कॉलर-टाय लावलेला कुणी दारात उभा राहिला की पायपुसण्यावर बूट घासावेत तशी माणसं आधी जीभ घासून घेत आणि मग बोलत. बोलत ते बरोबरच असे. पण ते त्यांचं नसे.

टिबी तेव्हा साठीला टेकली होती. नवरा शेतांच्या कडेचे दगडी बांध रचायचा. एका हिवाळ्यात छातीत गारठा भरला आणि गेला. मुलगी कॅनडात. टिबी ड्रमकेर्न फार्मच्या टोकाला, फार्मच्याच मालकीच्या दोन खोल्यांत राहायची. मोठ्या घराचे आणि बॉथीतल्या, म्हणजे गड्यांच्या सामाईक खोलीतल्या, पोरांचे कपडे धुवायची. कोपरापर्यंत लाल झालेले ते हात खोऱ्यात सगळ्यांच्या ओळखीचे होते. कपड्यांवरून तिला माणसं कळत. कोण कुणाच्या गवतात लोळून आला, कोण उशीत तोंड खुपसून रडला, कोण पायाला फोड आला तरी सांगत नाही. कळलेलं सगळं ती पाण्याबरोबर पिळून टाकी आणि कपडे वाळत घाली. आयुष्यभर ती एवढं एकच काम करत आली, असंही म्हणता येईल: लोकांचं लोकांना स्वच्छ करून परत देणं, आणि वर गप्प राहणं.

ॲडम निकल हा ड्रमकेर्नवर नांगराच्या दुसऱ्या जोडीचा गडी. बेस आणि जूनो या दोन दांडग्या क्लाइड्सडेल जातीच्या घोड्या त्याच्याकडे. तिकडे गड्याला जोडी दिली की ती जोडी म्हणजे त्याची अब्रू. रविवारी चर्चबाहेर उभं राहून माणसं एकमेकांच्या घोड्यांबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं सोयरीक जुळतेय. अंगावर तकाकी हवी तर दाणा हवा, आणि दाणा मालक मापून द्यायचा. म्हणून खोऱ्यातला झाडून सगळा गडी माळ्यावरून ओट चोरायचा आणि आपल्या जोडीला घालायचा. मालकाचाच दाणा, मालकाच्याच घोड्यांच्या पोटात. हे पाप आहे असं कुणी मानत नसे, आणि हे आपण करतो असं कुणी कबूलही करत नसे. विचारलं की “नाही” म्हणायचं, मालकाने शिव्या घालायच्या, आणि दोघांनी आपापल्या कामाला लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं.

त्या शरदात ड्रमकेर्नवर नवा मुकादम आला होता. माळ्यावरचा ओट उतरतोय हे त्याने मालकाच्या कानात घातलं. कोंबडीवाल्या व्यापाऱ्याला कुणीतरी विकतंय असा संशयही बरोबर घातला. मालक आर्ची किड. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यालाही सगळे फार्मच्याच नावाने, ड्रमकेर्न, अशी हाक मारत. तर ड्रमकेर्न तापला, गावचा शिपाई घेऊन बॉथीत आला आणि पेट्या उघडायला लावल्या. ॲडमच्या पेटीत उशीची खोळ निघाली, गळ्यापर्यंत ओटने भरलेली. ड्रमकेर्नने गड्यांना भिंतीशी उभं करून विचारलं, “माळ्यावरचा दाणा कुणी घेतला?” बाकीचे एकेक करून नाही म्हणाले. ॲडम म्हणाला, “मी घेतला. घोड्यांसाठी.”

मालकाला ‘नाही’ हवं होतं. खोळ डोळ्यांसमोर असली तरी हवं होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर आरडाओरडा करून तो घरात गेला असता. पण ‘हो’चं करायचं काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारी शिपाई उभा. मागे मुकादम खाकरला. एकदा शिपायासमोर निघालेलं ‘हो’ परत पोटात ढकलता येत नाही. ॲडमवर चोरीचा खटला भरला गेला.

आता तिकडच्या कोर्टाची एक गोष्ट अशी की तिथे निकाल तीन. दोषी, निर्दोष, आणि तिसरा ‘शाबीत नाही’. या तिसऱ्या निकालाने माणूस घरी जातो खरा, पण संशयही त्याच्याबरोबर घरी जातो आणि चुलीजवळची खुर्ची धरून बसतो. आणि पुढच्याच आठवड्यात गड्यांचा बाजार होता. शहराच्या रस्त्यावर गडी उभे राहतात, शेतकरी त्यांना न्याहाळत फिरतात, पुढच्या सहा महिन्यांचा करार हातावर हात मारून होतो. ‘शाबीत नाही’वाल्या गड्यासमोर कोण थांबणार?

“सुटेल तो,” ॲडमचा वकील लायल टिबीच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. नुकता शिकून आलेला, मानेवर अजून वस्तऱ्याचे ओरखडे. “शिक्षा नाही व्हायची. ‘शाबीत नाही’ पदरात पडलं तरी पुष्कळ.”

“कुणाला पुष्कळ?” टिबी म्हणाली. “तुम्हाला की त्याला?”

लायलने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणून तर आलोय, टिबीबाई. चारित्र्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं. दुकानदारीणबाई बोलणार आहेत, लोहारही येतोय.”

“ते दोघं बोलणार? मग पोराला आत्ताच बोटीवर बसवा. कॅनडाच्या.”

“तुम्ही बोला ना मग.”

“मी ड्रमकेर्नच्या घरात राहते, लायलसाहेब. हे छप्पर त्याचं. ही चूल त्याची.”

“माहीत आहे.”

ती उठली, चुलीवरची बॅनक, ओटची जाड भाकरी, उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, “काय बोलायचं ते सांगा.”

त्याने एक वाक्य शिकवलं. तिने ते कपडे बडवताना म्हटलं, कोंबड्यांना दाणे टाकताना म्हटलं. कोंबड्यांनी माना वर करून ऐकून घेतलं.

कोर्टात गर्दी होती. पावसापाण्याने नांगर थांबलेले, त्यामुळे सगळ्या खोऱ्यातले गडी मागच्या बाकांवर दाटीने बसलेले; ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि घोड्यांचा वास. वर शेरिफसाहेब, म्हणजे तिथले न्यायाधीश: वाळका, म्हातारा माणूस, नाकाच्या टोकाला चष्मा. चेहरा असा, की पुष्कळ दिवसांत काही ऐकावंसं वाटलेलं नाही.

ड्रमकेर्नची साक्ष झाली. मुकादमाची झाली. कोंबडीवाल्याने ॲडमला आपण कधी बघितलंही नाही असं सांगितलं; पण तो दुसरं सांगणार तरी काय, असा सरकारी वकील बॉयड याचा चेहरा होता. बॉथीतले बाकीचे गडी आले आणि आपण दाण्याला हात लावला नाही असं इंग्रजीत सांगून गेले. मग ॲडम. त्याने जे बॉथीत सांगितलं होतं तेच सांगितलं. बॉयडने चारही बाजूंनी खोदून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर निघालं, आणि त्यामुळेच ते पाठ केल्यासारखं वाटू लागलं.

दुकानदारीणबाई हातमोजे घालून आल्या होत्या. म्हणाल्या, “महोदय, सदर तरुण अत्यंत सच्छील असून त्याच्या वर्तनाविषयी मजकडे तक्रारीस जागा नाही.” लोहार म्हणाला, “मीही तसेच म्हणतो.” शेरिफसाहेबांनी लेखणी उचललीदेखील नाही.

मग टिबीचं नाव पुकारलं.

शेरिफसाहेब उभे राहिले, स्वतःचा उजवा हात वर केला, तिलाही करायला लावला, आणि सत्य सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, अशी शपथ स्वतः म्हणून तिच्याकडून म्हणवून घेतली. एवढ्या जवळून एवढ्या मोठ्या माणसाचा हात तिने कधी पाहिला नव्हता. बाहीचं टोक विरलं होतं. कुणीतरी ते नीट रफू करायला हवं होतं.

“श्रीमती फेअरवेदर,” लायलने विचारलं, “आपण आरोपीस किती ओळखता?”

टिबीने घसा साफ केला. “तो अत्यंत प्रामाणिक व विश्वासपात्र युवक आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.”

वाक्य कुठेही न अडखळता बाहेर पडलं. आणि ते हवेत असतानाच तिला कळलं की हे वाक्य मेलं. प्रत्येक शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं वाटत होतं. आवाजसुद्धा तिचा नव्हता. कुठल्याशा मेलेल्या मास्तरणीचा होता. आरोपीच्या पिंजऱ्यात ॲडमने मान खाली घातली. शेरिफसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आभारी आहे,” लायल म्हणाला. “आपण जाऊ शकता.”

टिबी हलली नाही.

“आपण जाऊ शकता, श्रीमती फेअरवेदर.”

“थांब रे जरा,” टिबी घरच्या बोलीत म्हणाली. मागच्या बाकांवर कुणीतरी श्वास आत ओढला. तिने शेरिफसाहेबांकडे तोंड केलं. “मायलॉर्ड, हे मी बोलले ते माझं नाही. ते या पोराने पढवलेलं. चांगला पोरगा आहे, त्याला बोलू नका. पण हात वर करून शपथ मी घेतलीय, त्याने नाही. मला माझ्या तोंडाने बोलू द्या.”

“बोला,” शेरिफसाहेब म्हणाले.

“ॲडम निकल एफॉल्ड आहे. एवढंच. तो एफॉल्ड माणूस आहे, मायलॉर्ड. मला दुसरा शब्द येत नाही.”

बॉयड हसला. कोर्टाच्या कारकुनाने लेखणी उचलली, दौतीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. “मायलॉर्ड, हा शब्द… हा लिहायचा कसा?”

शेरिफसाहेबांनी चष्मा काढला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बंद खोलीत खिडकी उघडावी तसं.

“कुठून आणलास गं बाई हा शब्द?” त्यांनी विचारलं. आणि मागचे गडी ताठ बसले, कारण शेरिफसाहेब स्कॉट्समध्ये बोलले होते.

“घरातून,” टिबी म्हणाली. “आईच्या बश्या आल्या तसा तोही आला. माझ्या बापाच्या तोंडात असायचा. चांगलं कापड, चांगला माणूस, की एफॉल्ड. आता पोरंटोरं नाही बोलत.”

“पोरंटोरं कशाला, मीसुद्धा तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही,” शेरिफसाहेब म्हणाले. “वाचलाय. जुन्या करारनाम्यांत. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी एखादा सरदार दुसऱ्याच्या पायाशी बसून शपथ घ्यायचा ना, तेव्हा लिहून द्यायचा: मी तुझा इमानी, सच्चा आणि एफॉल्ड माणूस राहीन. म्हणजे एकपदरी. ज्याच्या आत दुसरा पदर नाही. राजाच्या कागदांत आहे, धर्माच्या प्रतिज्ञांत आहे.” ते कारकुनाकडे वळले. “आणि लिहायचा कसा म्हणता? आधी त्यात ‘अन्’ होता, ‘अन्’ म्हणजे एक आणि ‘फॉल्ड’ म्हणजे पदर, अन्‌फॉल्ड. मग बोलता बोलता त्यातला ‘न’ गळाला. कुणी अफाल्ड लिही, कुणी एफाल्ड, कुणी एफॉल्ड. ज्याच्या कानाला जसं लागे तसं. एकाच कागदात वर एक आणि खाली दुसरं असंही मी पाहिलंय, आणि त्या कागदांवर किल्ले दिले-घेतले गेले. तेव्हा तुम्हीही खुशाल ऐकू आलं तसं लिहा.”

कारकुनाने लिहिलं. टिबी त्या लेखणीकडे बघत राहिली. बापाचा शब्द, सरकारी कागदावर कसा दिसतो, देव जाणे.

“मायलॉर्ड,” बॉयड उठला, “शब्द प्राचीन असेल. परंतु शब्द हा पुरावा नव्हे. श्रीमती फेअरवेदर, आरोपी असा आहे हे आपण कशावरून म्हणता?”

“कपडे धुते मी त्याचे.”

हशा पिकला. शेरिफसाहेबांनी हात वर केला.

“हसा,” टिबी म्हणाली. “बॉयडसाहेब, मागचा सगळा हिवाळा मी या पोराच्या खिशांतून, बाह्यांतून, सदऱ्याच्या आतून ओटची फोलकटं काढली. ज्याला विकायचा तो पोत्यात भरतो हो, सदऱ्यात कशाला भरेल? मी विचारलं, ‘ॲडम, हे काय?’ तर म्हणाला, ‘चोरतो मी, टिबीबाई. जूनोच्या बरगड्या दिसतात.’ तेच बॉथीत म्हणाला, तेच इथे म्हणाला. त्याच्याकडे तेवढं एकच उत्तर आहे. तुम्ही दिवसभर उलटून पाहिलंत तरी दुसऱ्या बाजूलाही तेच.”

बॉयडने मान तिरकी केली. आपल्याला दार सापडलं असं त्याला वाटलं. “म्हणजे फोलकटे आपण पाहिली. मग इतर गड्यांच्या वस्त्रांतही ती आढळली काय? त्यांनी तर येथे शपथेवर नकार दिला आहे.”

बाकांवरचे ते गडी बुटांकडे बघायला लागले. पूर्ण सत्य. आयुष्यभर पिळून टाकलेलं सगळं टिबीच्या घशाशी आलं. या पोरांनाही तिनेच गरम मोजे वाळवून दिले होते.

“आढळली,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या. मागे बसलेत ना हे, कुठल्याही फार्मचा घ्या, खिसा उलटा करा. त्यांनी खोटं का सांगितलं हेही सांगते. कारण आपल्याकडे असंच सांगायचं असतं. मालकाला तेच हवं असतं. यांना तुरुंगात घालायचं तर अख्ख्या खोऱ्यात वसंतात नांगर चालणार नाही.”

मागून एक मोठा, दबलेला आवाज आला. हसणं होतं की सुटका, सांगता येणार नाही.

“आणि मालकाचं विचारलं नाहीत तुम्ही,” टिबी म्हणाली. आता ती थांबू शकली नसती; चुलीवरचं छप्पर तिच्या डोळ्यांपुढून एकदा गेलं आणि तिने ते जाऊ दिलं. “ड्रमकेर्न, मी तुमच्या आईच्या हाताखाली धुणं धुवायला लागले तेव्हा तुम्ही अठरा-एकोणीसचे. बापाने तुम्हाला दुसरी जोडी दिली होती. काळा घोडा आणि ती पांढऱ्या पायांची घोडी. आठवते?”

सगळ्यांच्या माना वळल्या. आर्ची किडचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला.

“तुमच्या सदऱ्यातून मी मूठ मूठ ओट काढलाय, आर्ची किड. बापाने विचारलं तर तुम्ही काय सांगितलंत?”

बॉयड ओरडला, “मायलॉर्ड, हे असंबद्ध आहे!”

“आहेच,” शेरिफसाहेब म्हणाले. “तरी मला ऐकायचंय. मिस्टर किड?”

ड्रमकेर्न उभा राहिला. जाडजूड माणूस, टोपी हातात पिळत होता. त्याने त्या पिंजऱ्यातल्या पोराकडे पाहिलं, आणि जे बाहेर आलं ते इंग्रजी नव्हतं.

“नाही म्हणून सांगितलं, मायलॉर्ड. बापाने चाबूक मोडला माझ्या पाठीवर, तरी नाहीच म्हणालो.” मग, जणू स्वतःशीच, “मॅगी होतं तिचं नाव. घोडीचं. काय चालायची!”

“आणि हा आरोपी तुमचा दाणा विकत होता, असं अजून वाटतं तुम्हाला?”

“नाही वाटत,” ड्रमकेर्न म्हणाला. “खरं म्हणाल तर कधीच वाटलं नव्हतं.”

मुकादम छताकडे बघत होता.

शेरिफसाहेबांनी चष्मा नाकावर चढवला. फार वेळ घेतला नाही. मालकाचा दाणा मालकाच्या घोड्यांना घालणं ही बेशिस्त असेल, म्हणाले, पण चोरी म्हणायला स्वतःचं करून घेण्याचा हेतू लागतो. तो इथे नाही, आणि नाही याबद्दल कोर्टाला तसूभरही शंका उरलेली नाही. पुढचं बोलण्याआधी ते थांबले. टिबीने कठड्याचं लाकूड घट्ट धरलं. इतके दिवस ज्याची भीती होती तो ‘शाबीत नाही’ याच जागी यायचा.

“निर्दोष.”

बाकं दणाणली. ओल्या टोप्या हवेत गेल्या, नाल ठोकलेल्या बुटांनी फरशी धडधडली, आणि इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी मारली नसेल अशी शीळ कुणीतरी मारली, नांगराची जोडी वळवताना मारतात तशी. कारकून “शांतता! शांतता!” म्हणत होता, पण तोंडभर हसत. ज्या गड्यांचं बिंग फुटलं होतं ते सगळ्यांत जोरात ओरडत होते. लोहाराने दुकानदारीणबाईंना मिठी मारली आणि लगेच माफी मागितली.

ॲडम पिंजऱ्यातून बाहेर आला तेव्हा दारापाशी शेतकऱ्यांनी वाट अडवली. “पोरा, कुठे लागलायस का?” एकाने विचारलं. “माझ्याकडे ये, घोडे चांगले आहेत.” दुसरा म्हणाला, “त्याच्याकडची घोडी लंगडी आहे, ऐकू नकोस.” बाजार भरायच्या आधीच, कोर्टाच्या उंबऱ्यावर!

ड्रमकेर्न खांद्याने गर्दी ढकलत आत शिरला. गडी ठेवायचा असला तर मालकाने बाजाराआधी स्वतः विचारायचं असतं. विचारलं नाही की गड्याने समजून पेटी बांधायची. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, “राहतोस का, ॲडम?”

ॲडमने विचार केला. “बेस आणि जूनोसाठी राहतो,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी नाही, ड्रमकेर्न.”

क्षणभर कुणालाच कळेना की हसावं की पळावं. मग ड्रमकेर्ननेच हात पुढे केला आणि ॲडमच्या तळव्यावर असा मारला की आवाज वरच्या झरोक्यापर्यंत गेला. “अरे, त्यांच्यासाठीच तर विचारलं!” तो म्हणाला. “आणि माप वाढवतो. मुकादमा, ऐकलंस? वसंतापर्यंत जूनोची एक बरगडी दिसता कामा नये.”

शेरिफसाहेब आतल्या खोलीत न जाता अजून खुर्चीतच बसून होते. लायलच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ओरखड्यांमुळे आलंय असं तो कुणालातरी सांगत होता. टिबी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरली, हनुवटीखाली शालीची गाठ मारली. गर्दी आपोआप दुभंगली. गडी बाजूला सरले, आणि एकाने, मग सगळ्यांनी, टोप्या काढल्या. त्यांतल्या अर्ध्या तिने एकदा तरी धुतल्या असतील.

“टिबे,” ड्रमकेर्न म्हणाला. आवाज जरा खरखरीत आला. “घराचं काही मनात आणू नकोस. ते घर तुझंच, जिवंत असेतो. ऐकतेस ना? आणि गाडी आहे बाहेर, बस, सोडतो तुला… टिबे? अगं, काहीतरी बोल की!”

टिबीने त्याच्याकडे पाहिलं, ॲडमकडे पाहिलं, आणि जे बोलायचं ते बोलून झालेल्या माणसासारखी मान ताठ ठेवून, त्या सगळ्या उघड्या डोक्यांमधून चालत, एक शब्दही न बोलता बाहेर पडली.